वेळ नसलेल्यांची धर्मजिज्ञासा

शहरातल्या तरुणांबद्दल सध्या दोन परस्परविरोधी तक्रारी कानावर येतात. घरातली ज्येष्ठ मंडळी म्हणतात की या पिढीला देवधर्म उरला नाही. तिन्हीसांजेला दिवा लावायलाही घरात कोणी नसते. दुसरीकडे अंधश्रद्धानिर्मूलनाच्या कामात आयुष्य घालवलेले कार्यकर्ते म्हणतात की ही पिढी आमच्यापेक्षा अधिक देवभोळी निघाली. चांगली शिकलेली, चांगल्या पगाराची मुले मोबाइलवर पत्रिका जुळवतात आणि नवी गाडी घेतली की चाकाखाली लिंबू ठेवतात. दोन्ही तक्रारींना उदाहरणे हवी तेवढी मिळतील. तरीही दोन्ही तक्रारी करणाऱ्यांच्या नजरेतून एक मोठा वर्ग सुटतो. या वर्गाला धर्म पाळण्याची घाई नाही आणि सोडण्याचीही नाही. त्याला तो आधी नीट समजून घ्यायचा आहे. माझे म्हणणे असे की ही जिज्ञासा खरी आहे, तिची सोय करणे ही समाजाची सार्वजनिक जबाबदारी आहे, आणि गेल्या कित्येक दशकांत आपण ती जवळजवळ टाकूनच दिली आहे.

या वर्गाचे दिवस कसे जातात हे आधी पाहिले पाहिजे, कारण त्याशिवाय बाकीची चर्चा हवेत राहते. हिंजवडीत काम करणारा मुलगा परदेशातल्या ग्राहकाच्या घड्याळाप्रमाणे रात्री उशिरापर्यंत मीटिंगमध्ये असतो आणि सकाळी पुन्हा वाकडच्या पुलावर गाडीत अडकतो. डोंबिवलीहून मुंबईला येणारी मुलगी दिवसाचे तीन तास लोकलमध्ये उभी असते. खाजगी रुग्णालयातल्या परिचारिकेची पाळी दर आठवड्याला बदलते. परभणीहून किंवा लातूरहून पुण्यात आलेला, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत दिवस काढणारा आणि रात्री दुचाकीवरून लोकांच्या घरी जेवण पोचवणारा विद्यार्थीही याच वर्गातला आहे. ‘शहरी तरुण’ म्हटले की डोळ्यांसमोर फक्त संगणकवाले आणू नयेत. या सगळ्यांच्या घरी काही ना काही धर्माचरण होते. आजी पोथी वाचत होती, वडील वारीला जात होते, कोणाच्या घरी बुद्धवंदना होती, कोणाच्या घरी रोजे होते. शहरात एकट्याने राहू लागल्यावर ते सगळे मागे राहिले, आणि मागे राहिल्यावरच ते नेमके काय होते हा प्रश्न पडू लागला.

हा प्रश्न बहुधा निवांतपणी पडत नाही. तो लग्न ठरताना पडतो, विशेषतः दुसऱ्या जातीतल्या किंवा धर्मातल्या जोडीदाराशी ठरताना. मूल झाल्यावर त्याचे बारसे कसे करायचे यावरून पडतो. आणि सर्वांत जोराने तो घरातले माणूस गेल्यावर पडतो. माझ्या ओळखीतल्या एका तिशीतल्या तरुणाच्या आजीचा दशक्रिया विधी मी जवळून पाहिला. नदीकाठच्या घाटावर एका ओळीत चार-पाच कुटुंबे बसली होती. गुरुजी सांगत होते त्याप्रमाणे तो भाताच्या पिंडांवर काळे तीळ घालत होता आणि अंगठा व तर्जनी यांच्या मधून पाणी सोडत होता. एका नातेवाइकाने परदेशातल्या धाकट्या भावासाठी फोन उंच धरला होता. पाणी असेच का सोडायचे, असे त्या तरुणाने मध्येच विचारले. गुरुजी म्हणाले, “तशी पद्धत आहे,” आणि पुढचा मंत्र सुरू केला, कारण शेजारचे कुटुंब त्यांचीच वाट पाहत होते.

गुरुजींना मी दोष देत नाही. त्यांनी लहानपणी पाठशाळेत राहून मंत्र मुखोद्गत केले, त्या दिवशी त्यांना आणखी दोन ठिकाणी पोचायचे होते, आणि उपनगरातल्या भाड्याच्या घराचा खर्च त्यांनाही चुकलेला नाही. प्रश्न विचारणारा आणि ज्याला विचारायचा तो, दोघेही एकाच शहराच्या घाईत सापडले होते. वास्तविक त्या प्रश्नाला दोन वाक्यांचे उत्तर होते. परंपरेत तळहाताच्या निरनिराळ्या भागांना तीर्थे मानले आहे. देवांना बोटांच्या टोकांवरून पाणी द्यायचे आणि पितरांना अंगठा-तर्जनीच्या मधून. एवढे कळल्याने त्याची त्या विधीवर श्रद्धा बसली असती असे नाही. आपण काय करतो आहोत हे मात्र त्याला कळले असते, आणि पुढच्या वर्षी श्राद्ध करायचे की त्या पैशातून एखाद्या मुलीची फी भरायची, हा निर्णय त्याने समजून घेतला असता.

त्या रात्री त्याने तो प्रश्न फोनला विचारला. पुढे काय झाले ते सांगण्याची फारशी गरज नाही. पितृदोषाच्या शांतीपासून प्राचीन विमानांपर्यंत सगळे त्याच्या पडद्यावर येऊन गेले. एका मिनिटाच्या चित्रफितीत उत्तर देता येते, पण ते उत्तर कुठल्या ग्रंथात आहे, तो ग्रंथ कोणत्या काळातला आहे, त्याच परंपरेत त्याच्या विरुद्ध कोणी काय लिहिले आहे, हे सांगता येत नाही. ऐकणाऱ्याला प्रतिप्रश्नही करता येत नाही. धर्माबद्दलच्या अज्ञानापेक्षा या अर्धवट खात्रीचे मला अधिक भय वाटते, कारण अज्ञानी माणूस निदान विचारत तरी राहतो.

मग हे शिक्षण त्याला आधी का मिळाले नाही? घरात कृती होती, स्पष्टीकरण नव्हते. आणि शाळेत धर्म हा विषयच जपून बाजूला ठेवलेला होता. यासाठी राज्यघटनेकडे बोट दाखवले जाते, पण ते पूर्णपणे बरोबर नाही. घटनेच्या २८व्या अनुच्छेदाने संपूर्णपणे शासकीय निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई केली आहे, आणि ती योग्यच आहे. सरकारी शाळेने कोणाच्याही मुलाला उपासना शिकवू नये. परंतु उपासना शिकवणे आणि धर्मांविषयी अभ्यास करायला लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये अरुणा रॉय विरुद्ध भारत सरकार या खटल्यात स्पष्ट केले. या निकालात ज्या संसदीय समितीच्या अहवालाचा आधार घेतला गेला, तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण होते. सर्व धर्मांच्या मूलतत्त्वांची तौलनिक ओळख विद्यार्थ्यांना करून द्यावी, असे त्या समितीने १९९९मध्येच सांगितले होते. त्या काळी अभ्यासक्रमाच्या भगवेकरणाची भीती अनेकांना वाटली, आणि ती निराधार होती असे मी म्हणणार नाही; कोण शिकवणार आणि कोणते पुस्तक लावणार, या प्रश्नांवर सगळे अवलंबून असते. पण भीतीपोटी जागा रिकामी ठेवली की ती रिकामी राहत नाही. ज्यांच्याकडे सर्वांत मोठा आवाज आहे ते ती भरून काढतात.

स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांशी बोलताना ही रिकामी जागा फार ठळकपणे दिसते. प्रार्थना समाज १८६७मध्ये मुंबईत स्थापन झाला आणि सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात, हे त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. देव आणि माणूस यांच्यामध्ये पुरोहिताची गरज आहे का, एखादा ग्रंथ ईश्वराने सांगितलेला म्हणून प्रमाण मानावा का, मूर्तीशिवाय भक्ती होते का, जातीने ठरवलेला अधिकार हा धर्म असू शकतो का, यांवर त्या दोन समाजांत आणि त्यांच्या विरोधकांत केवढे वाद झाले, हे मात्र त्यांच्यापर्यंत पोचलेले नसते. आज हाच मुलगा रात्री खोलीवर पडल्या पडल्या हेच प्रश्न स्वतःला विचारतो. त्याच्याच भाषेत, त्याच्याच गावात दीडशे वर्षांपूर्वी लोकांनी ते विचारले होते आणि त्यांची गंभीर उत्तरे दिली होती, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. एका गुणाच्या वस्तुनिष्ठ प्रश्नासाठी त्याच्या हाती फक्त सनावळी दिली गेली.

वेळेची अडचण खरी आहे, परंतु ती सबब म्हणून चालू नये. महाराष्ट्रातली भक्तिपरंपरा तर सवड नसलेल्या माणसांनीच उभी केली. गोरोबा मडकी घडवत होते, सावता महाराज मळ्याला पाणी देत होते, नामदेव शिंप्याच्या घरातले, सेना न्हावी, नरहरी सोनार. काम सोडून अरण्यात जाणे ज्यांना शक्य नव्हते, अशांच्या हातून हा विचार वाढला. मुंबईच्या लोकलमधली भजनी मंडळे त्याच वाटेने आली आहेत. कर्जत-कसाऱ्याकडून किंवा विरारहून येणाऱ्या गाडीच्या ठरलेल्या डब्यात, पिशव्या फळीवर टाकून, टाळ-चिपळ्या काढून रोज तासभर भजन करणारे कारकून आणि कामगार मी पाहिले आहेत. शेजारच्या प्रवाशांना त्या आवाजाचा त्रास होतो ही तक्रारही रास्त आहे, आणि तिचा मान राखलाच पाहिजे. तरीसुद्धा प्रवासाचा तास आपल्या मालकीचा करून घेण्याची ती हिंमत मला फार मोलाची वाटते.

अभ्यासाच्या बाबतीत याहून थेट उदाहरण आहे. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारीला सुरुवात झाली आणि १९ जूनला शेवट झाला. दर रविवारी एक अध्याय, अठरा रविवारी अठरा अध्याय. श्रोते राजकीय कैदी होते आणि आठवड्याचे बाकीचे दिवस त्यांच्या स्वतःच्या ताब्यात नव्हते. साने गुरुजी समोर बसून लिहून घेत होते, म्हणून ती प्रवचने आज आपल्याला पुस्तकरूपाने वाचता येतात. आठवड्यातून एकदा, एका वेळी एक अध्याय, समोर प्रत्यक्ष माणूस आणि ऐकणाऱ्यांत एक जण टिपणे घेणारा, एवढ्याच गोष्टींवर ते काम झाले. आजच्या कोणत्याही तरुणाला आठवड्यातून दीड तास काढता येणे अशक्य नाही. त्याला तो दीड तास जाऊन बसायला ठिकाण नाही.

आणि बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण तर या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने समोर ठेवावे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी जाहीर केले की आपण हिंदू म्हणून जन्मलो असलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. बौद्ध धम्माची दीक्षा त्यांनी नागपुरात घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मधल्या एकवीस वर्षांत ते मजूरमंत्री होते, घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, देशाचे कायदामंत्री होते, आणि मधुमेह त्यांचे शरीर पोखरत होता. त्यांच्याइतका कामाच्या ओझ्याखाली असलेला माणूस त्या काळात शोधून सापडणे कठीण. तरीही वेगवेगळ्या धर्मांचा अभ्यास, पालीतले ग्रंथ, निरनिराळ्या धर्मगुरूंशी चर्चा हे सगळे चालू राहिले. धर्म निवडण्याचा प्रश्न त्यांनी एवढा गंभीर मानला की त्याला दोन दशके दिली. जन्माने आलेला धर्म निमूट पुढे चालवणाऱ्यांनी आणि एका रागाच्या भरात तो झटकून टाकणाऱ्यांनी या एकवीस वर्षांचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते.

त्यांचे नाव घेतल्यावर जातीचा प्रश्न टाळता येत नाही, आणि टाळूही नये. शहरात धर्माविषयी जे कुतूहल मोठ्या उत्साहाने बोलले जाते त्यात ध्यान असते, योग असतो, मंदिरांचे स्थापत्य असते, जात नसते. पंढरपूरला गेलेल्या तरुणाला चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, मंदिराच्या बाहेर का आहे हा प्रश्न पडला नाही, तर त्याने पंढरपूर पाहिले नाही असेच मी म्हणेन. तेच मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजी प्राणांतिक उपोषणाला बसले होते. धुळ्याच्या तुरुंगात खाली मान घालून गीतेवरची प्रवचने टिपून घेणारे तेच साने गुरुजी. ज्याने धर्म आस्थेने ऐकला, त्यानेच पंधरा वर्षांनी त्याच धर्माच्या दाराशी उपोषण केले. ऐकणे आणि जाब विचारणे त्यांच्या ठायी एकत्र नांदले. अभ्यासाला आज नाके मुरडणाऱ्या दोन्ही बाजूंनी हे लक्षात घ्यावे. अभ्यासाने श्रद्धा भ्रष्ट होते ही एकांची भीती आणि अभ्यासाने माणूस परंपरेच्या कह्यात जातो ही दुसऱ्यांची भीती, दोन्ही इथे खोट्या ठरतात.

शेजाऱ्याच्या धर्माबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. एका सोसायटीत पाचव्या मजल्यावर ईद आणि सहाव्या मजल्यावर पर्युषण असते, आणि दोन्ही घरांतून डबे येतात, पण डब्यापलीकडे ओळख जात नाही. मराठीत तरी ही अडचण येऊ नये. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी ओवी छंदात लिहिलेले ख्रिस्तपुराण १६१६मध्ये छापले गेले; श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत योगाचे विवेचन केले; कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंनी आपल्या धर्मकथा मराठी कीर्तनांतून गायल्या. एवढे भांडार घरात असताना आपला तरुण दुसऱ्या धर्माची माहिती निवडणुकीच्या प्रचारातून घेतो, याचे मला दुःख होते.

आता व्यवस्थेकडे वळतो. १९१७मध्ये, एकाच वर्षी, पुणे परिसरात दोन संस्था उभ्या राहिल्या. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आणि आळंदीत जोग महाराजांची वारकरी शिक्षण संस्था. एकीने पुढे बाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि १९६६मध्ये ते काम पुरे केले. दुसरीने चार वर्षांचा अभ्यासक्रम आखून कीर्तनकारांच्या पिढ्या घडवल्या. दोन्ही संस्थांबद्दल मला अतिशय आदर आहे. परंतु एक मुख्यतः संशोधकांची आहे आणि दुसरी पूर्णवेळ राहून शिकणाऱ्यांची. या दोन टोकांच्या मध्ये, आळंदी ते पुणे एक दिवस दिंडीबरोबर चालून सोमवारी कामावर हजर होणारा जो तरुण आहे, त्याच्यासाठी वर्षभर काय आहे? आयटी दिंडीत येणाऱ्या मुलांना हौशी म्हणून हिणवले जाते, ते मला अन्यायाचे वाटते. ती मुले दारापर्यंत आली आहेत. आत बसवून बोलणारे कोणी नसेल तर दोष त्यांचा नाही. भांडारकर संस्थेने अलीकडे ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केले आहेत, हे पाऊल योग्य दिशेचे आहे. पण पडद्यासमोर एकट्याने ऐकण्याने निम्मेच काम होते. आपल्याला पडलेला प्रश्न दुसऱ्यालाही पडला आहे हे कळायला माणसे एकत्र बसावी लागतात.

यावर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. धर्मचिकित्सा करणाऱ्याला या राज्यात किती संरक्षण आहे? २००४च्या जानेवारीत भांडारकर संस्थेवरच जमाव चालून गेला आणि ग्रंथांची नासधूस झाली. २०१३मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात भर रस्त्यात हत्या झाली. अशा वातावरणात मोकळे प्रश्न विचारणारा वर्ग चालवायला कोण धजावेल? ही भीती पोकळ नाही. पण म्हणूनच तो वर्ग गुपचूप, कोणाच्या दिवाणखान्यात भरण्यापेक्षा सार्वजनिक जागी, संस्थेच्या नावाने आणि सर्व परंपरांच्या लोकांना बरोबर घेऊन भरावा. चार भिंतींआड विचारलेल्या प्रश्नाची अफवा होते. उघड्यावर, सर्वांसमक्ष विचारलेल्या प्रश्नाला साक्षीदार असतात.

जागा आपल्याकडे आहेत. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगावी आणि पेठापेठांत अनुदानित ग्रंथालये आहेत, आणि संध्याकाळनंतर त्यांतली बहुतेक सभागृहे रिकामी असतात. पैसाही आहे. शिर्डी, पंढरपूर आणि प्रभादेवीचा सिद्धिविनायक या देवस्थानांचा कारभार राज्याच्या कायद्यांनुसार चालतो. भाविकांच्या दानातून रुग्णांना मदत होते, ही उत्तम गोष्ट आहे. त्याच दानातला एक छोटा वाटा धर्म समजून घेऊ इच्छिणाऱ्यांवर खर्च झाला, तर तो दानाच्या हेतूला सोडून होणार नाही. शिकवणारेही आहेत. निवृत्त झालेले संस्कृत, पाली आणि अर्धमागधीचे प्राध्यापक, आळंदीत शिकलेले तरुण कीर्तनकार, विहारातले भन्ते, मदरशात शिकून पुढे विद्यापीठात गेलेले अभ्यासक, सेमिनरीतले फादर आणि विवेकवादी चळवळीतले कार्यकर्तेसुद्धा. या सर्वांना चांगले मानधन द्यावे, कारण फुकट शिकवण्याची अपेक्षा ठेवली की शिकवणारे टिकत नाहीत.

वर्ग रविवारी सकाळी असावा आणि ज्यांची रविवारी पाळी असते त्यांच्यासाठी आठवड्यातल्या एका रात्री पुन्हा घ्यावा. मूळ ग्रंथाचा एक छोटा भाग मराठीत समोर ठेवून वाचावा; निम्मा वेळ वाचनाला आणि निम्मा प्रश्नांना. दानपेटी नसावी, कोणाचा सत्कार नसावा, राजकीय पक्षाचा फलक नसावा. घाटावरच्या गुरुजींनाही तिथे बोलवावे, शिकवायला आणि वाटल्यास नुसते बसायलाही. मुखोद्गत असलेल्या मंत्रांचा अर्थ निवांतपणे पाहण्याची सवड त्यांनाही आजवर कोणी दिलेली नाही. पुण्यात आणि मुंबईत अशी दोन-चार ग्रंथालये पुढे आली, तर येत्या आषाढीनंतर लगेच सुरुवात करता येईल. चातुर्मासात पोथी लावण्याची रीत आहेच, त्याच चार महिन्यांत पहिला ग्रंथ पुरा होऊ शकतो.